सुलट टाका, उलट टाका : इटलीतील विणकाम-शिक्षणाचा पूर्वेतिहास

मराठीतील ‘विणणे’ हे क्रियापद फार उदार आहे. पैठणी मागावर विणली जाते, स्वेटर सुयांवर विणला जातो, बाज सुंभाने विणतात आणि कोळ्याचे जाळेही विणलेलेच असते. रोजच्या व्यवहारात या औदार्याने काही अडत नाही. परंतु वस्त्रांचा इतिहास पाहू लागलो की एका शब्दाच्या आड दोन निराळ्या विद्या दडलेल्या आहेत, हे लक्षात घ्यावे लागते. मागावरचे कापड ताण्याबाण्याचे, म्हणजे उभ्या आणि आडव्या धाग्यांच्या भेटीचे असते. सुयांवरचे कापड एकाच धाग्याचे असते. त्या धाग्याचा एक फास आधीच्या फासातून ओढून काढायचा, आणि असे हजारो फास एकमेकांच्या आधाराने उभे करायचे. पहिल्या प्रकारात आधी कापड तयार होते आणि मग शिंपी ते कापतो. दुसऱ्या प्रकारात कापड आणि कपडा एकाच वेळी जन्माला येऊ शकतात. बाही विणतानाच बाहीचा आकार ठरतो, टाके वाढवले की ती रुंदावते आणि घटवले की निमुळती होते.

या दुसऱ्या विद्येसाठी इटालियन भाषेत स्वतंत्र शब्द आहे : माल्या. लॅटिनमधील ‘माकुला’ या शब्दापासून तो आला. माकुला म्हणजे डाग, ठिपका, आणि जाळ्याचा डोळासुद्धा. त्यामुळे माल्या म्हणजे विणीतला एक टाका, चिलखताची एक कडी, अंगातला विणलेला सदरा आणि खेळाडूची जर्सीही. इटलीच्या सायकल शर्यतीत आघाडीवर असलेल्या स्वाराला १९३१ पासून जो गुलाबी सदरा मिळतो, त्याचे नावही ‘माल्या रोझा’ असेच आहे. टाक्यांची तेथील नावे मराठी घरातील कोणालाही ओळखीची वाटतील. ‘दिरित्तो’ आणि ‘रोवेशो’ म्हणजे अगदी आपले सुलट आणि उलट. आपल्या जुन्या पिढीच्या तोंडी असलेला ‘गंजीफ्रॉक’ हा शब्दही याच विद्येच्या प्रवासाची खूण आहे. इंग्लिश खाडीतील गर्न्सी बेटावरच्या विणलेल्या सदऱ्याचे नाव झिजत झिजत आपल्याकडे असे पोहोचले.

आज ही विद्या इटलीत पदव्युत्तर पातळीवर शिकवली जाते. रोममध्ये १९६४ साली स्थापन झालेली ‘अकादेमिया कोस्तुमे ए मोदा’ ही संस्था विणलेल्या कपड्यांच्या अभिकल्पनाचा स्वतंत्र अभ्यासक्रम चालवते. रेज्जो एमिलिया प्रांतातील सान मार्तिनो इन रिओ या लहानशा गावातील ‘मोदातेका देआन्ना’ हा संग्रह त्यात तिचा भागीदार आहे. मिलानच्या तंत्रविद्यापीठातही या विषयाचे अध्ययन होते. जगभरातून विद्यार्थी येतात, भारतातूनही जातात. आपल्याकडे राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेच्या अनेक केंद्रांत, नवी मुंबईत खारघर येथेही, ‘निटवेअर डिझाइन’ हा पदवीचा विषय आहे. त्यामुळे तेथून पुढच्या शिक्षणासाठी इटलीकडे पाहणाऱ्या मुलामुलींना ही नावे अपरिचित नाहीत. अशा विद्यार्थ्याने मोठे शुल्क भरून जे ज्ञान घ्यायचे, ते वर्गात येण्यापूर्वी कोठे राहत होते, आणि ते वर्गात का आले, हा या लेखाचा विषय आहे.

या ज्ञानाचे इटलीतील वास्तव्य जुने आहे. चौदाव्या शतकाच्या मध्यातील काही इटालियन चित्रांत मरियम बाळ येशूजवळ बसून सुयांवर विणताना दिसते. सिएनाच्या आम्ब्रोज्यो लोरेन्झेत्तीने असे चित्र काढले, आणि तोमाझो दा मोदेना या चित्रकाराचे तशाच विषयाचे चित्र बोलोन्यात आहे. देवमातेच्या हाती चित्रकाराने विणकाम दिले, त्याअर्थी ते प्रेक्षकाला घरातले, ओळखीचे काम वाटत असले पाहिजे. याच विद्येचे दुसरे टोक फ्लॉरेन्सच्या राजघराण्यात सापडते. कोझिमो दे मेदिची याची पत्नी एलेओनोरा दि तोलेदो १५६२ मध्ये वारली. १८५७ मध्ये तिची शवपेटी उघडली गेली. तिच्या पायांत रेशमाचे, हाताने विणलेले लाल मोजे होते. त्यांत सुलट आणि उलट टाक्यांची नक्षी आहे. ते कोणी विणले, याची नोंद नाही.

यंत्र मात्र इटलीत जन्मले नाही. इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमशायरच्या विल्यम ली याने १५८९ मध्ये मोजे विणण्याची चौकट बनवली. पुढच्या तीन शतकांतील महत्त्वाच्या सुधारणाही इतरत्र झाल्या. मिटणाऱ्या झडपेची सुई १८४९ मध्ये लेस्टरच्या मॅथ्यू टाउनसेंडची, आणि सपाट विणकामाचे यंत्र १८६३ मध्ये अमेरिकेच्या आयझॅक लॅमचे. म्हणजे इटलीचे आजचे स्थान यंत्राच्या शोधातून आलेले नाही. ते कोठून आले हे पाहायचे तर एमिलियाच्या सपाट, दमट मैदानातील कार्पी या गावाकडे वळावे लागते.

कार्पी मोदेना प्रांतात आहे. कित्येक शतके या गावाचा व्यवसाय टोप्यांचा होता. विलो आणि पॉप्लर या झाडांच्या लाकडाच्या अतिशय पातळ पट्ट्या काढायच्या, शेतकरी घरांतील बायकांनी त्यांच्या वेण्या घालायच्या, व्यापाऱ्याने त्या गोळा करून टोप्या शिवून घ्यायच्या आणि परदेशी पाठवायच्या, अशी ती रचना होती. विसाव्या शतकाच्या मध्याकडे येताना लोकांनी टोप्या घालणे सोडले आणि हा धंदा बसला. परंतु व्यापाऱ्यांच्या परदेशी ओळखी शिल्लक होत्या. गावोगाव फिरून काम वाटणारे आणि गोळा करणारे लोक होते. मुख्य म्हणजे घरात बसून, बोटांच्या वेगावर पैसे मिळवण्याची सवय असलेल्या हजारो स्त्रिया होत्या. दुसऱ्या महायुद्धानंतर त्याच जाळ्यातून वेण्यांऐवजी स्वेटर वाहू लागले.

या स्त्रियांना ‘माल्याइए’ म्हणत. एका हाताने गाडी उजवीकडून डावीकडे आणि डावीकडून उजवीकडे ओढायचे सपाट यंत्र हप्त्यांनी घरात येई, आणि स्वयंपाकघरात किंवा झोपण्याच्या खोलीत त्याची जागा ठरे. व्यापाऱ्याचा माणूस सूत देऊन जाई आणि विणलेले भाग घेऊन जाई. मजुरी नगावर असे. विडीकामगार स्त्रियांचे जगणे ज्यांनी जवळून पाहिले आहे, त्यांना या व्यवस्थेची अधिक ओळख करून देण्याची गरज नाही. शेती, मुले आणि म्हातारी माणसे यांतून उरलेला वेळ यंत्राचा, म्हणजे बहुधा रात्रीचा. इटलीच्या संसदेने घरबसल्या कामाच्या संरक्षणासाठी १९५८ मध्ये कायदा केला. १९७३ मध्ये त्या जागी नवा कायदा करावा लागला, यावरूनच पहिल्याचे बळ कळते. नव्या कायद्याने या कामगार स्त्रीला मालकाच्या अधीन असलेली कामगार मानले. कागदावर ही मोठी गोष्ट होती. तथापि तिचे घर हाच तिचा कारखाना असल्याने तेथे तपासनीस कसा पोहोचणार, हा प्रश्न उरलाच.

मात्र या व्यवस्थेत केवळ पिळवणूकच होती असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. वर्षानुवर्षे यंत्र ओढणाऱ्या स्त्रीला काही गोष्टी कळत, ज्या व्यापाऱ्याला कळत नसत. कोणते सूत ताणले असता तुटते, कोणत्या विणीची कड आपोआप गुंडाळते, धुतल्यावर कापड किती आक्रसते, खांद्याच्या घटीला किती ओळी लागतात, हे सारे तिच्या हाताला माहीत असे. व्यापारी मासिकातले चित्र आणून दाखवी आणि ‘असे होईल का?’ असे विचारी. ‘असे नाही, पण असे होईल’ हे उत्तर तिच्याकडून येई. अभिकल्पनाचा अर्धा भाग या उत्तरात असतो. अशा कित्येक बायकांनी पुढे नवरा, भाऊ किंवा बहीण यांच्यासह चार-दोन यंत्रांच्या कार्यशाळा काढल्या. लघुकारागिरांना सवलती देणाऱ्या १९५६ च्या कायद्याचा त्यांना आधार मिळाला. ‘ब्लूमारीन’ हे नाव १९७७ मध्ये याच कार्पीतून निघाले. त्याचा पाया घालणाऱ्या दोघांपैकी एक, आन्ना मोलिनारी, ही याच गावची.

अर्थशास्त्रज्ञांचे लक्ष या प्रदेशाकडे गेले ते १९७० च्या दशकात. आर्नाल्दो बान्यास्को याने १९७७ मध्ये ‘तीन इटली’ अशी मांडणी केली. वायव्येची मोठ्या कारखान्यांची इटली, दक्षिणेची गरीब इटली, आणि या दोहोंखेरीज मध्य व ईशान्येची, छोट्या उद्योगांची तिसरी इटली. १९७९ मध्ये जाकोमो बेकात्तिनी याने इंग्रज अर्थशास्त्रज्ञ आल्फ्रेड मार्शल याची ‘औद्योगिक जिल्हा’ ही संकल्पना पुन्हा पुढे आणली. एखादा धंदा एका जागी पिढ्यानपिढ्या राहिला की त्याची गुपिते जणू हवेतच मिसळतात आणि मुले ती नकळत शिकतात, असे मार्शलने सुचवले होते. १९८४ मध्ये पिओरी आणि सेबल या अमेरिकी अभ्यासकांनी या छोट्या, लवचीक उद्योगांत मोठ्या कारखानदारीला पर्याय पाहिला, आणि तिसरी इटली जगभर आदर्श म्हणून सांगितली जाऊ लागली.

हवेची ही उपमा आकर्षक आहे, परंतु तिने एक गोष्ट झाकली जाते. ज्ञान हवेत नव्हते, ते एका खोलीत, एका यंत्रापाशी, एका बाईजवळ होते. तिच्या मुलीने ते श्वासाबरोबर घेतले नाही. आईच्या शेजारी बसून, सूत गुंडाळून देऊन, सुटलेले टाके उचलून ती ते शिकली. म्हणजे या शिक्षणाला शिक्षिका होती, विद्यार्थिनी होती, अभ्यासक्रमही होता. नव्हते ते शुल्क, प्रमाणपत्र आणि नाव.

नावाचा प्रश्न या कलेच्या इतिहासात वारंवार येतो. रोममध्ये जन्मलेल्या एल्सा स्किआपारेल्लीला १९२७ मध्ये पॅरिसमध्ये कीर्ती मिळाली ती एका काळ्या-पांढऱ्या स्वेटरने. त्यावर गळ्याशी बांधलेला बो विणीतूनच दाखवला होता. दोन धागे एकाच वेळी चालवणारी ती वीण आरूसियाग मिकाएलियान या आर्मेनियन निर्वासित स्त्रीची होती. कल्पना स्किआपारेल्लीची हे खरे, पण ती कल्पना धरून ठेवणारी वीण मिकाएलियानला येत होती. तिचे नाव आपल्याला ठाऊक आहे, हा अपवाद म्हणावा लागेल.

याउलट, इटलीत ज्यांनी विणलेल्या कपड्याला प्रतिष्ठा मिळवून दिली, त्यांपैकी बरेच जण यंत्राच्या जवळचे होते, हेही सांगितले पाहिजे. पेरुजात चॉकलेटचा उद्योग उभारणाऱ्या लुइझा स्पान्योलीने १९२० च्या दशकाच्या अखेरीस अंगोरा सशांच्या लोकरीचे विणकाम सुरू केले. ओत्ताव्यो मिस्सोनी हा धावपटू. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये तो ४०० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत अंतिम फेरीत धावला, आणि इटलीच्या संघाचे विणलेले पोशाख त्याच्याच त्रिएस्तेतील कार्यशाळेत तयार झाले होते. त्याची पत्नी रोझिता हिच्या माहेरी शाली आणि भरतकामाचे कापड तयार करण्याचा कारखाना होता. १९५३ मध्ये लग्न झाल्यावर दोघांनी गाल्लाराते येथे काम सुरू केले. पुढे शालींसाठी वापरल्या जाणाऱ्या राशेल यंत्रांवर त्यांनी कपड्यांसाठीचे कापड विणले, आणि त्यांची नागमोडी रंगरेषा ही त्या यंत्राच्या चालीतून निघाली. १९५४ मध्ये ‘क्रिझ्झिया’ स्थापन करणारी मारिऊच्चा मान्देल्ली ही आधी शाळेत शिक्षिका होती. प्लेटोच्या एका संवादावरून तिने हे नाव घेतले, आणि प्राण्यांची चित्रे असलेले तिचे स्वेटर प्रसिद्ध झाले. १९६५ च्या बेनेत्तोनची सुरुवात जुलियाना या बहिणीच्या विणकामातून झाली. बिनरंगी सुताचे स्वेटर आधी विणून ठेवायचे आणि मागणी कळल्यावर रंगवायचे, ही त्या उद्योगाची युक्ती विणकामाच्या अंगभूत स्वरूपातूनच सुचण्यासारखी होती.

आता ‘मोदातेका देआन्ना’कडे परत जाता येईल. सान मार्तिनो इन रिओ येथे देआन्ना फेर्रेत्ती या स्त्रीने ‘मिस देआन्ना’ हा विणकामाचा कारखाना चालवला. केन्झो, मार्तिन मार्जिएला यांसारख्या नामवंतांचे विणलेले कपडे तेथे आकाराला आले. परदेशी अभिकल्पक चित्र घेऊन येत, आणि ते चित्र सुतात उतरवण्याची जबाबदारी या कारखान्याची असे. ‘असे नाही, पण असे होईल’ हा संवाद आता स्वयंपाकघरातून कारखान्यात आला होता. कारखाना गेल्यावर विणीचे नमुने, कपडे आणि पुस्तके यांचा संग्रह उरला. तो जपला गेला आणि त्याचीच शिक्षणसंस्था झाली. आज विद्यार्थी तेथे कपाटे उघडून चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीचे तळहाताएवढे नमुने हातात घेतात, उलटून पाहतात. विणीचे रहस्य उलट बाजूला असते, हे त्यांना शिकवावे लागते.

हा अभ्यासक्रम चित्रकलेपासून सुरू होत नाही, तो सुतापासून सुरू होतो. फ्लॉरेन्समध्ये १९७७ पासून ‘पित्ती फिलाती’ हे सुताचे प्रदर्शन भरते. तेथे दिसणारे सूत दुकानात कपडा होऊन यायला वर्ष-दीड वर्ष लागते. विद्यार्थी तेथे जातो, सूत निवडतो, मग ‘गेज’ ठरवतो, म्हणजे एका इंचात किती सुया. तीन सुयांच्या यंत्रावर जाड, दोरखंडी वीण येते आणि चौदा सुयांच्या यंत्रावर तलम. मग नमुना विणायचा, धुवायचा, मोजायचा. त्यानंतर तो बसतो संगणकाजवळ, आणि तेथे त्याच्याशेजारी यंत्राचा प्रोग्रामर असतो. जर्मन किंवा जपानी यंत्राला प्रत्येक सुईने काय करायचे ते सांगणारा हा माणूस म्हणजे जुन्या माल्याइएचा आजचा वारस. ज्या विद्यार्थ्याला त्याच्याशी बोलता येत नाही, त्याचे चित्र कागदावरच राहते. १९९५ मध्ये मिलानच्या यंत्रप्रदर्शनात जपानच्या शिमा सेइकी कंपनीने संपूर्ण कपडा एकाही शिवणीशिवाय विणणारे यंत्र दाखवले. तेव्हापासून सांधणाऱ्या हातांची गरज आणखी कमी होऊ लागली. तरीही चांगल्या स्वेटरचा गळा आजही ‘रिमाल्यो’ पद्धतीने जोडतात. गोल यंत्राच्या टोकांवर एकेक टाका डोळ्यांनी पाहून चढवायचा आणि मग जोडायचा. एक टाका चुकला तर तेथून वीण उसवत जाते.

हे काम करायला इटलीत माणसे मिळेनाशी झाली आहेत. १९९० च्या दशकापासून पुष्कळसे उत्पादन पूर्व युरोपात आणि आशियात गेले. २००५ च्या प्रारंभी वस्त्रव्यापारातील जुने आंतरराष्ट्रीय कोटे संपले आणि तो ओघ वाढला. जे मागे राहिले त्यातील बराच भाग चिनी स्थलांतरितांच्या कार्यशाळांकडे गेला, कार्पीतही आणि तोस्कानातील प्रातोतही. १ डिसेंबर २०१३ रोजी प्रातोतील अशाच एका कपड्यांच्या कार्यशाळेला आग लागली आणि तेथेच राहणारे सात चिनी कामगार मरण पावले. त्याच वर्षी उम्ब्रियातील सोलोमेओ या गावात काश्मिरी लोकरीचे महाग स्वेटर बनवणाऱ्या ब्रुनेल्लो कुचिनेल्ली याने हस्तकौशल्यांची शाळा सुरू केली. तेथे रफू आणि सांधणीचे काम शिकणाऱ्या तरुणांना विद्यावेतन दिले जाते. आई मुलीला फुकट शिकवत असे ते कौशल्य शिकावे म्हणून आता तरुणांना पैसे द्यावे लागतात, आणि त्याच कौशल्याचे अभिकल्पन शिकायला परदेशी तरुण पैसे मोजतात. या तिन्ही गोष्टी, आग, विद्यावेतन आणि शुल्क, एकाच काळातल्या आहेत आणि त्यांचा एकत्र विचार केला पाहिजे.

घरातून घरात जाणारे ज्ञान जोवर जिवंत असते, तोवर कोणी त्याची शाळा काढत नाही. शाळा निघाली याचा अर्थ ती साखळी तुटली, किंवा तुटण्याच्या बेतात आहे. मराठीच्या अभ्यासकाला हे नवे नाही. जात्यावरच्या ओव्यांचे संकलन ज्या जोमाने झाले, त्याच काळात घरोघरची जाती थांबत होती. संकलनामुळे ओव्या वाचल्या, याबद्दल कृतज्ञ राहिले पाहिजे. परंतु संकलनातील ओवीजवळ दळणारीचे नाव अनेकदा नसते, ही उणीवही तेवढीच खरी आहे. विणीच्या नमुन्यांच्या कपाटाचे तसेच आहे. प्रत्येक नमुन्याला हंगाम आणि अभिकल्पक यांची नावे लाभतात. तो पहिल्यांदा विणणारीचे नाव मिळण्याची शक्यता फार थोडी.

म्हणून इटलीत शिकायला जाणाऱ्या आपल्या विद्यार्थ्याकडून एक अपेक्षा करता येईल. तो ज्या देशातून येतो तेथे तिरुपूरला सुती विणकामाचा आणि लुधियान्याला लोकरी विणकामाचा अफाट उद्योग आहे, आणि तो उद्योग अजून हातांनी गजबजलेला आहे. एमिलियात जे ज्ञान आता कपाटात ठेवावे लागते, ते आपल्याकडे आजही पाळीवर कामाला जाते. परत आल्यावर तो एखाद्या कारखान्यात चित्र घेऊन उभा राहील, आणि यंत्राजवळची बाई त्याला सांगेल की असे होणार नाही, पण असे होईल. त्या क्षणी ती त्याच्या अभिकल्पनात सहभागी होत असते, एवढे त्याने ओळखावे. आणि नमुन्याच्या चिठ्ठीवर सूत, गेज आणि तारीख लिहिताना तिचे नावही लिहावे. चिठ्ठीवर तेवढी जागा असते.